भूप, देशकार आणि बारा ओळी

तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटू लागतो. तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो; सप्तकाचे बाराशे भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट. आज बाजारात मिळणाऱ्या कीबोर्डचा गंधार मात्र ४०० सेंटांवर असतो. चौदा सेंटांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण गायकाने भूपाचा गंधार धरला आणि साथीदाराचं बोट त्याच सुरावर राहिलं, की दोन सूर एकमेकांना घासतात आणि जाणत्या श्रोत्याच्या कपाळावर आठी येते.

आपल्याकडे या भांडणाला शंभराहून अधिक वर्षं झाली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून निघालं. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स त्यांच्याबरोबर होते. पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना गळ्यातले सूर दिले, आणि त्या मापांवर बेतलेली श्रुती-पेटी लंडनच्या कारखान्यात तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाला. पुढे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं ते १९७१ पर्यंत. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली, तीही तितक्याच चिकाटीने. या सगळ्यांची अडचण एकच होती: सूर हलवायचा तर पितळी पत्ती कानशीने घासायची, नाहीतर अख्खं वाद्य नव्याने बांधायचं.

म्हणूनच झिनअ‍ॅडसबएफएक्स या लांबलचक नावाच्या सिंथेसायझरची ओळख पुण्यातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना व्हावी असं मला मनापासून वाटतं. रुमानियाच्या नास्का ऑक्टेव्हियन पॉल या तरुणाने तो लिनक्ससाठी लिहिला आणि २००२ मध्ये जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुला केला. फुकट मिळतो हे तर आहेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुढे देता येतो.

आत ध्वनी घडवणारी तीन यंत्रं आहेत. पहिलं लहरींची बेरीज करतं, दुसरं गोंगाटातून हवा तेवढा भाग गाळून घेतं. तिसऱ्याचं नाव पॅडसिंथ, आणि ती नास्काची स्वतःची कल्पना. तारेच्या सुरातला प्रत्येक स्वयंभू स्वर गणितात एक बारीक रेघ असतो. नास्काने त्या रेघेला रुंदी दिली. रंग पाण्यात पसरावा तसा तो स्वर आजूबाजूच्या कंपनसंख्यांत पसरतो. मग फूरिए गणिताने त्याची लांब लहर तयार होते आणि ती सांधा न कळता पुन्हा पुन्हा फिरत राहते. ऐकताना एका वाद्याऐवजी मोठा वृंद वाजतोय असं वाटतं.

आमच्या कामाची खिडकी मात्र वेगळी आहे. ‘स्केल्स’ नावाच्या या खिडकीत सप्तकाचे सूर ओळीने लिहायचे, सेंटांत किंवा अपूर्णांकात. षड्ज गृहीतच असतो. कोमल रिषभापासून सुरुवात करायची: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८ आणि शेवटी तार षड्जासाठी २/१. बारा ओळी झाल्या. पट्टी बदलली की षड्ज कुठे आहे ते पुन्हा सांगावं लागतं, एवढंच.

आता भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सूर तेच पाच. देशकाराचे गंधार-धैवत चढे, असं गुरुजन सांगत आले आहेत. पहिल्या फाइलमध्ये गंधार ५/४ आणि धैवत ५/३ ठेवा. दुसरीत ८१/६४ आणि २७/१६ लिहा. दोन्ही सूर साडेएकवीस सेंटांनी वर सरकतात. मी हे करून ऐकलं तेव्हा पॅडसिंथमध्ये फरक पुसट वाटला, आणि कारणही तिथेच होतं: रेघा रुंद असल्या की श्रुतीची कड हरवते. रुंदी कमी केली आणि चढा धैवत लख्ख कानावर आला. पहिल्या फाइलमध्ये रिषभ आणि धैवत एकदम दाबले तर ते थरथरतात, कारण त्यांच्यातलं अंतर शुद्ध पंचमाचं राहत नाही. दुसरीत ते शांत होतात. देवलांना हे दाखवायला लंडनहून पेटी मागवावी लागली होती.

असा प्रोग्राम लिहिण्यातली खरी परीक्षा वेळेची. सेकंदाला ४८,००० नमुने आणि २५६ नमुन्यांचा गठ्ठा असं धरलं, तर दर पाच मिलिसेकंदांच्या आसपास नवा गठ्ठा तयार हवा. तेवढ्यात प्रोग्राम जराही अडला, नवी मेमरी मागत बसला, तरी आवाज कटकन तुटतो. नास्कानंतर मार्क मॅकरी यांनी सूत्रं हाती घेतली आणि ध्वनीचा भाग कशासाठीही थांबणार नाही अशी आतली रचना पुन्हा बांधली. श्रोत्याला न दिसणारं हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ३.० ही आवृत्ती २०१६ मध्ये आली, नव्या चेहऱ्यासह. त्याआधीच याच कोडमधून योशिमी नावाची वेगळी शाखा फुटली होती, आणि तीही आज जोमात आहे.

मर्यादा आहेतच. दरबारीचा आंदोलित गंधार कुठल्याही एका ओळीत मावत नाही, आणि तानपुऱ्याची जवारी अजून यात तशी उतरलेली नाही. पण त्या बारा ओळी ‘स्काला’ या साध्या मजकुराच्या स्वरूपातही ठेवता येतात. तीच फाइल योशिमी वाचतो. आधी विकत मिळणारा आणि २०१८ मध्ये खुला झालेला सर्जही वाचतो. त्यामुळे गुरूने आपल्या घराण्याचा धैवत एकदा लिहून दिला, तर शिष्य तो कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर उघडून त्यासोबत रियाजाला बसू शकतो, आणि पटला नाही तर त्या ओळीतला आकडा बदलू शकतो.