ओहोस नेग्रोसचा हरितमार्ग

'ओहोस नेग्रोस' म्हणजे शब्दशः 'काळे डोळे'. स्पेनच्या तेरुएल प्रांतातील या गावाच्या नावाचे हे भाषांतर मात्र जपूनच स्वीकारावे. कारण स्पॅनिशमध्ये 'ओहो' पाण्याच्या झऱ्यालाही म्हणतात. (मराठीत मोरपिसालाही डोळा असतोच.)

येथील लोहखनिज भूमध्य समुद्रावरील सागुंतोस नेण्यासाठी सुमारे २०४ किलोमीटरचा मीटरमापी लोहमार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. त्याच दिशेने जाणारा एक लोहमार्ग आधीच होता. परंतु वाहतुकीच्या दरांवरून दोन कंपन्यांचे जमले नाही आणि शेजारी शेजारी दोन मार्ग झाले. १९७२ मध्ये खनिज त्या जुन्या मार्गावरून जाऊ लागले व हा ओस पडला.

स्पेनमध्ये १९९३ पासून अशा परित्यक्त मार्गांना 'विया वेर्दे' हे नाव मिळाले. 'विया' म्हणजे वाट, तसाच रूळमार्गही. म्हणजे 'वेर्दे', हिरवा, हे विशेषण लागूनही नामात रेल्वे शिल्लक राहते. मराठी 'हरितमार्ग' ऐकताना 'लोहमार्ग' आठवला तरच हा अर्थ साधतो, एरव्ही नाही.

पायांना मात्र तो लगेच कळतो. आगगाडीस तीव्र चढ मानवत नाही. म्हणून तेरुएलनंतर बाराशे मीटरहून उंच अशी एस्कांदोन खिंडसुद्धा पादचारी मंद चढाने गाठतो. पुढे समुद्राकडे उतार आहे. त्या टोकाला सागुंतोच्या झोतभट्ट्या १९८४ मध्ये विझल्या. त्यांतील दुसऱ्या क्रमांकाची तेवढी जपून ठेवली आहे.