चित्रफितीतील आजी : तंजावरी मराठी आणि शिशूंचे अनुकरण

तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये संपुष्टात आले. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद आणि बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा मराठी शिलालेख मागे उरले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील घरांतून मात्र बोली टिकली. शाळेचा आधार तिला नाही. मूल ती शिकते ते घरच्या मोठ्यांकडे पाहून आणि त्यांचे अनुकरण करून. आता कित्येक नातवंडे चेन्नईस, बंगळूरास वा परदेशी वाढतात आणि आजी कुंभकोणमनजीकच्या गावी असते. तिचे बोलणे, तिचे तांदूळ निवडणे चित्रफितीत टिपून धाडले, तर नातवंड ते उचलील काय?

कृतीपुरते उत्तर काहीसे आशादायक आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोठ्या माणसाने एक अपरिचित खेळणे ओढून वेगळे केलेले पाहून, चौदा महिन्यांच्या बालकांनी चोवीस तासांनंतरही तसेच केले, असे अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९८८ मध्ये दाखविले. मात्र तीच कृती प्रत्यक्ष माणसाने करून दाखविल्यास या वयाची मुले ती अधिक सहजपणे उचलतात, असे रेचल बार आणि हार्लिन हेन यांच्या १९९९ च्या अभ्यासात आढळले. पडद्यावरील सपाट दृश्य हातातील वस्तूशी जुळविणे शिशूला जड जाते. तेच दृश्य पुनःपुन्हा दाखविल्याने ही तूट काही अंशी भरून निघते.

भाषेची गोष्ट अधिक अवघड. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकी बालकांनी चिनी भाषेतील ध्वनिभेद प्रत्यक्ष खेळणाऱ्या व्यक्तीकडून आत्मसात केला; त्याच व्यक्तींच्या चित्रफितीतून काहीच साधले नाही. ध्वनिमुद्रण झाले की बोली वाचली, असे मानणाऱ्या आम्हा अभ्यासकांना हा निष्कर्ष रुचणारा नाही. संग्रहातील आवाज संशोधकाच्या उपयोगी पडतो. पाळण्यातल्या मुलाला तो बोली शिकवील, हा भरवसा मात्र धरता येत नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. सारा रोझबेरी व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकविली. समोरासमोरच्या संवादातून आणि थेट व्हिडिओ कॉलवरून मुले ती शिकली. आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीवरून शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होताच. थेट संभाषणातील व्यक्ती मुलाच्या हुंकाराला उत्तर देत होती, त्याच्यासाठी थांबत होती. मुद्रित व्यक्तीला ते शक्य नव्हते.

तेव्हा आजीने मुद्रित गोष्ट धाडण्याऐवजी रोज थोडा वेळ थेट बोलावे, हे बरे. तिच्या ताटात तांदूळ असतील, तर नातवाच्या पुढ्यातही मूठभर असावेत. ‘तुझ्या हातात काय रे?’ असे आपल्या बोलीत विचारून तिने त्याचे बोबडे उत्तर येईतो थांबावे. आणि मुलाशेजारी बसलेल्या आईने वा बापाने तोच शब्द, त्याच बोलीत, पुन्हा उच्चारावा.