लशीचा वाटा आणि देशांच्या सीमा

दादरा व नगर हवेलीचा नकाशा प्रथमच पाहणाऱ्याची थोडी फसगत होते. दादरा हा तुकडा नगर हवेलीपासून गुजरातच्या भूमीने विलग झालेला आहे. उलट मघवाल हे गुजरातचे गाव नगर हवेलीच्या पोटात वसलेले आहे. सिल्वासा व वापी येथील कारखान्यांमुळे या सीमांवरून माणसांची नित्य ये-जा चालते. अशा प्रदेशात सीमेच्या एकाच बाजूस लस टोचली, तर साथ हटणार नाही, हे कोणासही पटते. देशादेशांविषयी तेच म्हटले की मात्र मन कचरते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट उसळली, तेव्हा घरचे लोक रांगेत तिष्ठत असता लस परदेशी का धाडली, अशी विचारणा देशभर होऊ लागली. ती स्वाभाविकच होती. ज्याच्या घरी रुग्ण आहे, त्याने परमुलखाचा हिशेब आधी करावा, असे कोण म्हणेल? परंतु बाहेर गेलेल्या साडेसहा कोटींहून अधिक मात्रा सर्वच दानाच्या नव्हत्या. दान होते सुमारे १ कोटी ७ लाख मात्रांचे. साडेतीन कोटींहून अधिक विकल्या गेल्या, आणि जवळजवळ २ कोटी ‘कोव्हॅक्स’ या जागतिक योजनेत गेल्या. गरीब देशांना लस पुरविण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आगाऊ द्रव्य घेतले होते. तेव्हा पुष्कळसा माल औदार्याचा नव्हे, कराराचा होता. दान आणि देणे यांची लोकमताने गल्लत केली खरी. पण साऱ्या मोहिमेस ‘मैत्री’ हे गोड नाव दिल्यावर ती व्हायचीच.

सधन देशांचे वर्तन याहून आप्पलपोटे होते. कॅनडाने तर आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट मात्रांची मागणी नोंदवून ठेवली होती. आणि नवल असे की, कॅनडासह सात सधन देशांत झालेल्या लोकमताच्या पाहणीत, आपल्या वाट्यातील काही लस गरीब देशांस द्यावी, याकडे बराच कल आढळला. जनता द्यावयास राजी, सरकारे मात्र कोठारे भरण्यात गुंतलेली!

इकडे २०२१ च्या मार्चअखेर भारतातील निर्यात आखडली. आफ्रिकेतील अनेक देशांत पहिली मात्रा घेतलेले लोक दुसरीची वाट पाहत राहिले. ‘कोव्हॅक्स’कडे पुण्याची लस पुन्हा जाऊ लागली ती नोव्हेंबरात. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉन या नव्या विषाणूरूपाची वर्दी जगाला दिली; डिसेंबरच्या आरंभी ते भारतात आढळले.