सहा मिनिटांत अख्खा यवतमाळ जिल्हा

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळच्या सभेतून पंतप्रधानांनी पीएम-किसानचा सोळावा हप्ता सोडला. ९ कोटींहून जास्त शेतकऱ्यांच्या खात्यांत मिळून २१ हजार कोटींहून जास्त रुपये जायचे होते. वर्तमानपत्रांत आकडा छापून आला, लोकांनी तो वाचला आणि विसरले. एवढ्या मोठ्या आकड्याचं असंच होतं, डोक्यात त्याला जागाच सापडत नाही.

म्हणून तो जरा फोडून पाहू. एखाद्या कारकुनाने झोप, जेवण सगळं सोडून दर सेकंदाला एका शेतकऱ्याच्या नावापुढे सही केली, तर ९ कोटी सह्यांना २ वर्षं १० महिने लागतील. हीच नावं खातेवहीत लिहायची ठरवली, पानावर ३० ओळी आणि वहीला २०० पानं धरली, तर १५ हजार वह्या लागतात. दोन सेंटिमीटर जाडीच्या त्या वह्या एकावर एक रचल्या तर थप्पी ३०० मीटर उंच जाईल, म्हणजे चार कुतुबमिनार. संगणकात मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या नोंदीला २०० अक्षरं दिली, तरी रोमन लिपीत सगळी यादी १८ जीबीत मावते. देवनागरी अक्षर संगणकात सहसा तिप्पट जागा घेतं. मराठीत लिहिली तर ५४ जीबी. तरीही ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, आणि तो शर्टाच्या खिशात राहतो.

तेव्हा साठवणं ही अवघड गोष्ट उरलेलीच नाही. अवघड आहे ते सगळ्यांनी एकाच वेळी एकाच वहीत हात घालणं.

वेब ॲप्लिकेशनचं मर्म इथेच आहे. साधी वेबसाइट आपल्याला माहिती दाखवते, वेब ॲप्लिकेशन आपलं काम करून देतं. आपण ब्राउझर उघडतो, नोंद करतो, आणि दूर कुठल्या तरी सर्व्हरवर ठेवलेली एकुलती एक वही बदलते. आपल्या संगणकात काही बसवावं लागत नाही. आर्णीतून उघडा की पुण्यातून, वही तीच.

आता त्या वहीवर किती हात पडतात ते पाहा. २२ मे २०२५ रोजी आयआरसीटीसीवर एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली. त्या वेगाने यवतमाळ शहरातल्या, २०११ च्या जनगणनेप्रमाणे १ लाख १६ हजारांवर असलेल्या, प्रत्येक माणसाला चार मिनिटांच्या आत तिकीट मिळालं असतं. ज्या शहरात अजून ब्रॉडगेज गाडी पोहोचलेली नव्हती, त्या शहराबद्दल हे म्हणताना मन थोडं खट्टू होतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गातला कळंबपर्यंतचा तुकडा त्याच २८ फेब्रुवारीला सुरू झाला होता.

यूपीआयचा आकडा तर अंगावर येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये महिनाभरात २,००१ कोटी व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सरासरी जवळपास साडेसात हजार. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला २७ लाख ७२ हजार ३४८ होती. उमरखेडपासून वणीपर्यंत, सोळाही तालुक्यांतल्या प्रत्येक माणसाच्या नावाने एकेक व्यवहार करायचा म्हटला, तर या यंत्रणेला सहा मिनिटांपेक्षा थोडाच जास्त वेळ लागेल. यूपीआय आपण फोनमधल्या ॲपवरून वापरतो, त्यामुळे काटेकोरपणे त्याला वेब ॲप्लिकेशन म्हणता येणार नाही. पण रीत तीच: इथे बोट, तिथे वही.

यात खरी करामत वेगाची वाटते, पण तिच्याहून मोठी करामत एका साध्या हमीची आहे. शेवटचं तिकीट दोघांना विकलं जाणार नाही. दोन माणसांनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी सर्व्हर एकाची नोंद पूर्ण करतो, तोवर दुसऱ्याला थांबवतो, आणि मग त्याला ‘जागा नाही’ असं सांगतो. वीज मध्येच गेली तर अर्धवट नोंद राहत नाही. ती पूर्ण तरी होते, नाहीतर झालीच नाही असं धरलं जातं. व्यापाऱ्यांनी शतकानुशतकं रोज रात्री रोकडीचा मेळ घालून जी खात्री करून घेतली, ती इथे सेकंदाला हजारो वेळा होते.

आणि कापसाच्या जिल्ह्यात हे थेट गाडीच्या चाकाशी येऊन थांबतं. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत सीसीआयने, २०२४-२५ च्या हंगामात देशभरात ५२५ लाख क्विंटल कापूस हमीभावाने घेतला. त्याच्या सुमारे १०० लाख गाठी झाल्या. गाठ १७० किलोची, म्हणजे रुई १७ लाख टन. पुढच्या हंगामासाठी ‘कपास किसान’ हे ॲप आलं. शेतकऱ्याने नोंदणी करायची, केंद्रावरचा स्लॉट घ्यायचा आणि पैसे कुठवर आले ते पाहायचं. लांब धाग्याच्या कापसाला त्या वर्षी क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव होता. स्लॉटमागे तीच हमी काम करते: एका वेळेची जागा एकालाच. केंद्राच्या फाटकाबाहेर गाडी लावून रात्र काढलेल्या माणसाला तिची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पुढे याच गाठी सीसीआय ई-लिलावाने विकते. बोली लावायला कोइंबतूरच्या गिरणीवाल्याला पांढरकवड्याला यावं लागत नाही.

मग छोट्या धंद्याला यातून काय? दारव्ह्याचं एखादं कृषी केंद्र धरा. पाचशे शेतकऱ्यांची उधारी, प्रत्येकाच्या हंगामात सहा नोंदी, झाल्या तीन हजार ओळी. संगणकाला हे काहीच नाही. पण दुकानदाराचं अख्खं भांडवल त्या ओळींत अडकलेलं असतं, कापूस विकला जाईपर्यंत. दिग्रसच्या शाखेतल्या मुलाला आणि दारव्ह्यात बसलेल्या वडिलांना तोच साठा, तीच बाकी दिसली, तर संपलेलं खत कुणी कबूल करत नाही आणि फेडलेली उधारी कुणी पुन्हा मागत नाही. जीएसटीत नोंदलेले दीड कोटींच्या घरातले करदाते एकाच पोर्टलवर विवरणपत्रं भरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये देशात सुमारे १३ कोटी ई-वे बिलं निघाली, सेकंदाला पन्नास. सरकारसाठी हे सगळं लिहावं लागतंच. एकदा लिहिलेलं दुकानासाठीही कामी यावं, एवढीच अपेक्षा.

पण हेच बळ उलटंही चालतं, आणि त्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावात, जन्मनोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत तीन महिन्यांत २७ हजारांहून जास्त जन्म नोंदले गेल्याचं २०२५ च्या अखेरीस उघड झालं. दिवसाला सरासरी तीनशे. कागदी रजिस्टर असतं तर लिहिणाऱ्याचा हातच दुखला असता, शाई संपली असती, कुणी तरी येऊन विचारलं असतं. यंत्र थकत नाही आणि लॉगिन बरोबर असेल तर शंकाही घेत नाही. दुकानातला पासवर्ड गल्ल्याच्या काचेखाली चिकटवणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. सेकंदाला हजारो नोंदी करणाऱ्या यंत्रणेला सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस दिसत नाही. मक्त्याने किंवा बटईने शेत कसणाऱ्याचा कापूस खरा असतो, घाम खरा असतो, पण ‘कपास किसान’ ॲप जमिनीचा कागद मागतं. झरी जामणीच्या एखाद्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, नेटवर्कच नसेल, तर कागद असूनही तीच गत होते. हा प्रश्न सर्व्हर वाढवून सुटणार नाही. कसणाऱ्याची नोंद गावातच, तलाठ्याकडे व्हायला हवी, आणि ती झाली तर बाकीचं काम या यंत्रणेला एका सेकंदाचंही नाही.

दुकानासाठी असं वेब ॲप्लिकेशन विकत घ्यायला निघालेल्याने विकणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात. नेट गेलं तर बिल कसं निघेल? नोंदींची दुसरी प्रत कुठे राहते? प्रत्येक नोकराचं लॉगिन वेगळं आहे का? आणि उद्या तुमच्याशी पटलं नाही, तर माझी सगळी खाती मला एक्सेलमध्ये काढून मिळतील का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्यावं.