परतीचे भाडे कोणी द्यावे?

सातपुड्यातील मोलगी हे अक्कलकुवा तालुक्यातील बाजाराचे गाव. आमचूर आणि भगर विकायला व तेलमीठ न्यायला पाड्यापाड्यांवरची माणसे जशी तेथे येतात, तशीच ती आजाऱ्याला घेऊन तेथील ग्रामीण रुग्णालयातही येतात. जेथे रस्ता पोहोचलेला नाही, तेथून आजारी माणूस बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर येतो. रस्ता लागला की १०८ क्रमांकाची गाडी मिळू शकते. मोलगीला निभावण्यासारखे नसेल तर डॉक्टर पुढे पाठवतात. देवगोईचा घाट उतरून अक्कलकुवा, तेथून तळोदा आणि शेवटी नंदुरबार. या प्रवासाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच वाटेने उलट दिशेला होणाऱ्या प्रवासाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आजारी माणूस म्हातारा असतो, किंवा त्याचा कर्करोग हाताबाहेर गेलेला असतो, किंवा त्याची मूत्रपिंडे कायमची निकामी झालेली असतात. अपघात विभागात त्याला सलाईन लागते, नाकाशी प्राणवायू येतो आणि काही वेळाने डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात की, आता करण्यासारखे फार नाही. हवे तर सुरतेला किंवा बडोद्याला न्या. नातेवाईक आपसात बोलतात. माणूस स्वतःच्या घरात जावा आणि त्याची माती गावच्या शिवारात व्हावी, ही त्यांची इच्छा असते, व बहुधा आजाऱ्याचीही तीच असते. मग एक छापील कागद पुढे येतो. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास घरी नेत आहोत,’ अशा अर्थाचा तो मजकूर. त्याखाली मुलाचा अंगठा उमटतो, सुई काढली जाते, आणि त्या क्षणापासून त्या कुटुंबाशी सरकारी आरोग्ययंत्रणेचा संबंध संपतो. गाडी नाही, वेदनेवर गोळी नाही, पुढे काय होईल हे सांगणारा माणूस नाही. खाजगी जीप ठरवावी लागते, आणि ‘वाटेत काही झाले तर’ या एका भीतीपोटी जीपवाला भाडे वाढवून मागतो.

यातील विसंगती अशी की, सल्ल्याविरुद्ध म्हणावे असा सल्ला येथे कोणी दिलेलाच नसतो. उपाय उरला नाही हे डॉक्टरनेच सांगितलेले असते. तरीही कागद मात्र कुटुंबाला हट्टी ठरवतो.

आकस्मिक विभागाची घडणच अशी आहे की त्याला एकच प्रश्न विचारता येतो : जीव वाचवायचा कसा? तो प्रश्न योग्यच आहे. परंतु तेथे येणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत तो प्रश्न संपलेला असतो आणि उरलेले काही तास वा दिवस कसे जावेत हा दुसरा प्रश्न सुरू झालेला असतो. त्याचे उत्तर देण्याची सोय त्या विभागात नसते. मोठ्या शहरात याचा परिणाम म्हणून मरणारा माणूस नळ्यांच्या जंजाळात अडकतो. मोलगीत परिणाम नेमका उलटा होतो. तो रस्त्यावर येतो. दोन्हीकडे उणीव एकच आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, रुग्णाला पुढे पाठवण्याचा निर्णय जो घेतो त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरवर ठपका येत नाही, रुग्णालयाच्या खात्यात मृत्यू लिहावा लागत नाही. किंमत पडते ती कुटुंबावर : जीपचे भाडे, सोबत गेलेल्या माणसांची बुडालेली मजुरी, नंदुरबारला काढलेल्या दिवसांचा खर्च, आणि यासाठी विकलेली शेळी किंवा व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल. हा खर्च कोणत्याही शासकीय अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजले जाते. जो खर्च कोणाच्या हिशेबात येत नाही तो वाढत जातो, हे वर्गातल्या विद्यार्थ्याला शिकवावे लागते. डोंगरातल्या माणसाला ते ठाऊक असते.

परतीच्या प्रवासाची जबाबदारी शासनाला तत्त्वतः अमान्य आहे, असेही नाही. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूत स्त्रीला आणि आजारी नवजात अर्भकाला रुग्णालयात आणण्याची, गरज पडल्यास पुढे नेण्याची आणि घरी पोहोचवण्याची विनामूल्य सोय हा हक्क म्हणून मान्य झाला आहे. मृतदेहाबाबतही देशाने एक धडा घेतला. ऑगस्ट २०१६ मध्ये ओडिशातील कालाहंडी जिल्ह्यात एक आदिवासी पती पत्नीचे शव खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालत गेला. ती छायाचित्रे जगभर गेल्यावर त्या राज्याने विनामूल्य शववाहिकेची ‘महाप्रयाण’ योजना अमलात आणली. म्हणजे जन्मलेल्याला गाडी आहे, काही राज्यांत मेलेल्यालाही आहे. ज्याचा श्वास अद्याप चालू आहे आणि ज्याला घरी जायचे आहे, त्याच्यासाठी मात्र कोणत्याच योजनेत जागा नाही.

सन्मानाने मरण्याच्या हक्काची आपल्याकडील चर्चा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाभोवती घडली. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर त्या २०१५ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या आणि तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निर्णय दिला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. आता वैद्यकीय इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते, आणि वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. पण एकामागून एक अशी दोन मंडळे, प्रत्येकात तीन डॉक्टर, हा हिशेब मोलगीसारख्या ठिकाणी मांडून पाहावा. कृत्रिम श्वसनयंत्र कधी बंद करावे हा प्रश्न ज्या रुग्णालयात यंत्र आहे तेथे उद्भवतो. सातपुड्यातील प्रश्न त्याआधीचा आणि साधा आहे. वेदना शमवायला आणि माणसाला घरी पोहोचवायला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतलाच पाहिजे. ज्या भागात उपचाराअभावी माणसे मरतात तेथे ‘आता घरी न्या’ हे वाक्य डॉक्टरच्या तोंडी घालणे धोक्याचे नाही काय? न्यूमोनिया झालेले कुपोषित मूल, सर्पदंश, बाळंतपणातील रक्तस्राव, सिकलसेलच्या रुग्णाला आलेला तीव्र वेदनेचा झटका : यांतील कोणतीही अवस्था आयुष्याची अखेर नव्हे. रक्ताची पिशवी नाही, तज्ज्ञाची जागा रिक्त आहे, घाट बंद आहे म्हणून जो वाचत नाही, त्याला असाध्य म्हणणे ही लबाडी ठरेल. आणि २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी असलेल्या जिल्ह्यात ती लबाडी कोणाच्या वाट्याला येईल, हे सांगायला नको. म्हणूनच निर्णय एकट्याने व तोंडी होता कामा नये. २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दूरध्वनीवरून वा ई-संजीवनीसारख्या व्यवस्थेतून तेथील दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे अशक्य नाही. दोघांची नावे, रोगाचे निदान आणि वाचण्याची आशा नाही असे मानण्याचे कारण कागदावर उतरावे. अंगठ्याच्या कागदावर आज कुटुंबाची जबाबदारी तेवढी लिहिलेली असते. नव्या कागदावर डॉक्टरची लिहिलेली असावी. तशी सही करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने रुग्णाला पुढे पाठवावे आणि सोबत गाडी द्यावी.

वेदनेची गोष्ट तर अधिकच खटकणारी आहे. अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे, आणि अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना शेजारच्या मध्य प्रदेशात नीमचला आहे. मॉर्फीनची गोळी महाग नाही. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांचे इतके कुंपण उभे राहिले की रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेसाठी वाट मोकळी केली. कुंपण पडले तरी सवय उरली. मॉर्फीन दिल्याने मरण ओढवते ही समजूत अजून डॉक्टरांतही आढळते. योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली दिल्यास तसे होत नाही.

महाराष्ट्राला हा विषय अगदीच परका नाही. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांची सेवा करीत आले आहे. पण ते सदन आहे. तेथे जावे लागते. डोंगराला अधिक जवळचा नमुना केरळचा. कालिकतला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी सुरू केलेले काम शेजारीपाजारी, स्वयंसेवक आणि पंचायती यांच्या हाती गेले आणि २००८ मध्ये त्या राज्याने त्याचे धोरण केले. तेथे परिचारिका घरी येते. मोलगीच्या पाड्यांवर आशा कार्यकर्ती आहेच. आजाऱ्याला घरी पाठवताना तिला निरोप द्यावा, ओठ ओले ठेवणे, कूस बदलणे, श्वासाची घरघर कशाची हे तिला शिकवावे. ती ते भिलीत किंवा पावरीत सांगेल. नंदुरबारच्या खाटेशी मराठीत किंवा हिंदीत घाईने सांगितलेले निम्मे तरी नातेवाइकांपर्यंत पोहोचत नाही, आणि जे पोहोचत नाही त्यातूनच डॉक्टरविषयी संशय उरतो.

राहिला प्रश्न पैशाचा. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडी रुग्णाला आणण्यासाठी आहे, नेऊन सोडण्यासाठी नाही, असा तिचा नियम. तातडीच्या रुग्णासाठी ती मोकळी राहावी, हा त्यामागचा हेतू चुकीचा नाही. परंतु मोलगीच्या बाजूचा रुग्ण नंदुरबारला उतरवून तीच गाडी चालक आणि डॉक्टरसह घाट चढून आपल्या ठाण्यावर रिकामी परतते. डिझेल जळायचे ते जळतेच. अपघात विभागातील निर्णय त्याच तासाभरात झाला, तर परतणाऱ्या गाडीत एक माणूस निजवून नेण्याचा जादा खर्च जवळपास शून्य असतो. त्यासाठी नवी गाडी, नवी इमारत किंवा नवे पद लागत नाही; परतीच्या फेरीत रुग्ण नेता येईल, एवढे एक वाक्य नियमात घालावे लागेल. तोवर रुग्णालयाच्या फाटकाबाहेर जीपवाल्याशी भाड्याची घासाघीस चालूच राहील, आणि जीपमध्ये निजवलेला माणूस ती ऐकत असेल.