समजून घ्या : नारूचा नायनाट, बहाई विचार आणि आरोग्यकार्य

पुणेकरांना बहाई धर्म माहीत असतो तो बहुधा दिल्लीच्या कमळ मंदिरामुळे, नाहीतर पाचगणीच्या न्यू एरा शाळेमुळे. ही शाळा बहाईंनी 1945 मध्ये सुरू केली. मात्र, या विचारांचा आरोग्याच्या कामात काय उपयोग झाला, हे पाहायचे तर इंदूर गाठावे लागते.

नेमके काय घडले?

इंदुरात बहाईंनी 1985 मध्ये ग्रामीण महिलांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू केली. तिचे आजचे नाव 'बरली'. भिलांच्या बोलीत बरली म्हणजे घर तोलून धरणारा मधला खांब. झाबुआ, धार भागातील आदिवासी मुली तिथे राहून साक्षरता, शिवणकाम, स्वच्छता शिकत आणि गावी परतत.

तेव्हा झाबुआत नारू होता. जुन्या पिढीला हे नाव ऐकूनही शहारा येतो. दूषित पाण्यातल्या बारीक किड्यांबरोबर अळी पोटात जाते आणि वर्षभराने हातभर किंवा त्याहून लांब जंत पायातून बाहेर येतो. त्यावर ना औषध, ना लस. पाणी कापडाने गाळून पिणे आणि फोड आलेला पाय विहिरीत न बुडवणे, हाच उपाय. म्हणजे लढाई घरातल्या पाण्याच्या हंड्यापाशी होती, आणि हंडा बाईच्या हातात.

झाबुआतील 302 गावांतून नारू हटवण्यातील वाट्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 1992 मध्ये संस्थेला 'ग्लोबल 500' सन्मान दिला. श्रेय एकट्या संस्थेचे नाही. सरकारी मोहीम, हातपंप, पायविहिरी बंद करणे हे सारे त्यात होते. महाराष्ट्रासह सात राज्यांत 1984 मध्ये सुमारे 40 हजार रुग्ण होते. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला.

यात बहाई काय?

एकाच अपत्याला शिकवणे परवडत असेल तर आधी मुलीला शिकवा, असे हा धर्म सांगतो. कारण पुढच्या पिढीची पहिली शिक्षिका तीच. (पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली त्याच 1848 साली इराणमध्ये बहाईंच्या पूर्वसुरींपैकी कवयित्री ताहिरा हिने भर सभेत बुरखा दूर केला होता.) दुसरे तत्त्व धर्म आणि विज्ञान यांच्या मेळाचे. त्यामुळे जंताला देवीचा कोप न मानता गाळणे हाती घेता येते. तिसरे तत्त्व सल्लामसलतीचे. मांडलेले मत मांडणाऱ्याचे राहत नाही, ते सगळ्यांचे होते.

परदेशी निधीवरच्या आरोग्य प्रकल्पांना हे तिसरेच सर्वांत जड जाते. आराखडा आधीच ठरलेला, मुदत तीन वर्षांची. गावाशी बोलायला वेळ कुठे? आणि हे तत्त्व पाळायला बहाई असावे लागत नाही. जामखेडला आरोळे दाम्पत्याने 1970 पासून गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. ते ख्रिस्ती होते.

जगात 1986 मध्ये नारूचे अंदाजे 35 लाख रुग्ण होते. 2024 मध्ये उरले 15, चाड आणि दक्षिण सुदानमध्ये. लस अजूनही नाही. तिथल्या बायाही पाणी गाळूनच हंडा भरतात.