गोड्या पाण्यातला पाकट आणि त्याचे शेजारी

थळ, अलिबाग, रेवदंडा, मुरूड या पट्टीतल्या माणसाला पाकट मासा कसा असतो हे सांगायला नको. जाळ्यात तो आला की कोळी आधी त्याच्या शेपटीवरचा काटा सांभाळतो. हाच मासा घरच्या काचेच्या टाकीत, इतर माशांच्या सोबतीने ठेवता येईल काय, असे हौशी मंडळी विचारतात. आमचे उत्तर असे की, येईल. परंतु त्याला लागणारी जमीन, हवा आणि अन्न देण्याची तयारी असेल तरच.

पहिली गोष्ट, आपल्या किनाऱ्यावरचे पाकटाचे पिल्लू गोड्या टाकीत सोडू नये. समुद्री पाकट आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतो, म्हणून खारे पाणी त्याला शोषून घेत नाही. तोच गोड्या पाण्यात पडला तर पाणी त्याच्या अंगात शिरू लागते. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतले पाकट निराळे. त्यांच्या रक्तात युरिया अगदी थोडा असतो, हे थॉर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिले. घरच्या टाकीसाठी विकला जातो तो हा पाकट.

आता जागेचा हिशेब. विकत घेताना तो बशीएवढा असतो. वाढला की त्याची नुसती चकती अर्धा मीटर किंवा त्याहूनही रुंद होते. त्याला उंची नको, तळ हवा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे तेवढेच किलो वजन झाले. माडीवर टाकी मांडणाऱ्याने याचा विचार आधी करावा. शिवाय ही टाकी पिल्लापुरतीच. मोठ्या पाकटाला वळता यावे म्हणून रुंदी तीन-चार फूट हवी. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू असावी, आणि पाणी तापवणारी कांडी असल्यास तिला जाळी लावावी. नाहीतर तो तिला टेकून भाजतो.

शेजारी निवडताना रंगाकडे न पाहता कोण कुठे वावरतो ते पाहावे. वरच्या थरात फिरणारा अरोवाना, मधल्या थरातले सिल्व्हर डॉलर, हे पाकटाची जमीन अडवीत नाहीत. गप्पी, निऑन टेट्रा यांसारखे चिमुकले मासे मात्र त्याचे अन्नच होत. टायगर बार्ब आणि फुगा मासा त्याच्या कडा कुरतडतात. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा तर त्याच्या पाठीला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. तक्रार करायला पाकटाला तोंड आहे, पण तेही पोटाखाली! म्हणूनच त्याचे हाल उशिरा कळतात. वरच्या चपळ माशांनी सगळे अन्न फस्त केले तर तो मुकाट्याने झिजतो. कोलंबीचे तुकडे, गांडुळे त्याच्यापुढे तळाशी पोचतात की नाही, ते रोज पाहावे. खारवलेली सुकी मासळी घालू नये.

टाकीतली खरी राबणारी मंडळी डोळ्यांना दिसत नाहीत. माशांच्या घाणीतून निघणारा विषारी अमोनिया सूक्ष्म जिवाणू आधी नायट्राइट व मग सौम्य नायट्रेट करून टाकतात. त्यांची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाकट आणू नये. नायट्रेट काढण्यासाठी पाणी नियमाने बदलावे, तांबे असलेली औषधे वापरू नयेत. या माशांना व जिवाणूंना प्राणवायू अखंड लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असणे ही चैन नव्हे.

काट्याबद्दल गाफील राहू नये. तो दातेरी व विषारी असतो, गळून पडला तरी नवा येतो. टाकीत हात घालताना पाकट कुठे आहे ते पाहावे. मुलांना हात घालू देऊ नये. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

कायदाही पाहिला पाहिजे. २०२२ साली पनामाच्या परिषदेत सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराने या कुळातल्या काही जातींचा व्यापार नियंत्रणाखाली आणला. शिंगू नदीतला काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा पाकट त्यांतलाच. आपल्या वन्यजीव कायद्यातही त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनुसूचीतल्या अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. तेव्हा जात कोणती आणि कागद कोणते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

आणि मासा डोईजड झाला म्हणून गावच्या तळ्यात सोडणे हा तर अपराधच समजावा. सिंगापूरच्या जलाशयात असेच परके पाकट वाढून त्यांची पैदास सुरू झाली आहे. आपल्या तळ्यावर गुरे उतरतात, बाया धुणी धुतात, पोरे डुंबतात. एकाच्या हौसेचा काटा दुसऱ्याच्या पायात मोडता कामा नये. एवढी जमीन, एवढा खर्च, रोजची एवढी देखरेख ज्याला जमणार नाही, त्याने पाकट सार्वजनिक मत्स्यालयात पाहावा आणि घरी गप्पी पाळावेत. त्यात कमीपणा मुळीच नाही.